देठ पानाला की फळाला? इंग्लिश ओक ओळखणं, त्याचं शास्त्रीय नाव लिहिणं आणि बी रुजवणं

‘ओक’ म्हटल्यावर मराठी माणसाला आधी आडनाव आठवतं, मग सिल्व्हर ओक. आडनावाचा झाडाशी संबंध नाही, आणि सिल्व्हर ओकचा ओकशी नाही. सिल्व्हर ओक म्हणजे ऑस्ट्रेलियातून आलेला ग्रेव्हिलिया रोबुस्टा. त्याचं कूळच वेगळं. उलट बाळगुटीत उगाळलं जाणारं मायफळ मात्र अस्सल ओकचं, क्वेर्कस इन्फेक्टोरिया या पश्चिम आशियातल्या जातीचं. तेही फळ नव्हे. एका बारीक माशीने कोवळ्या फांदीत अंडं घातलं की झाड त्याभोवती जी गाठ धरतं, ते मायफळ.

सह्याद्रीत एकही ओक आपोआप उगवत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाची खऱ्या ओकशी पहिली भेट होते ती उत्तराखंडच्या ट्रेकवर बांजशी, किंवा युरोपातल्या एखाद्या बागेत. बांज सदाहरित आहे. युरोपात नेहमी भेटणारा ओक हिवाळ्यात पानं टाकतो, आणि ‘इंग्लिश ओक’ या एका नावाखाली तिथे दोन जाती वावरतात : क्वेर्कस रोबर आणि क्वेर्कस पेट्रिया. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, फ्रान्समध्ये राहणाऱ्यांना फिरताना या दोन्ही भेटतात. त्या वेगळ्या कशा करायच्या, नाव कसं लिहायचं आणि बी कसं रुजवायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. ओळख पक्की करण्यावर सगळ्यात जास्त जागा खर्च केली आहे, कारण नाव बिनचूक लिहूनही ते चुकीच्या झाडाला लावलेलं असतं, असं फार वेळा घडतं.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, कागदी पिशव्या, पेन्सिल आणि वही. प्लॅस्टिकची पिशवी नको. पानं घाम धरतात आणि संध्याकाळपर्यंत काळवंडतात. उंच फांद्यांसाठी दुर्बीण किंवा आकड्याची काठी असली तर उत्तम. फांदी तोडण्याआधी जागेच्या मालकाला विचारा. वारा-पावसानंतर खाली पडलेल्या ताज्या डहाळ्याही चालतात, पण त्या कोणत्या झाडाच्या आहेत याची खात्री हवी.

काळ जुलै ते ऑक्टोबरची सुरुवात. त्याआधी फळाचा देठ नीट वाढलेला नसतो, आणि त्यानंतर पानांखालची लव झिजते.

पायरी १ : परके ओक बाजूला काढा

फळ वाटीत बसलेलं असेल तर झाड ओकचं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण युरोपातल्या बागांमध्ये बाहेरून आणलेले ओकही भरपूर लावलेले आहेत.

पानाच्या खंडांची (म्हणजे कडेच्या दोन खाचांमधल्या भागांची) टोकं अणकुचीदार आणि टोकावर केसासारखा काटा असेल तर तो उत्तर अमेरिकेतल्या रेड ओकच्या गटातला. क्वेर्कस रुब्रा हा त्यातला नेहमी दिसणारा. त्याचं फळ पिकायला दोन हंगाम लागतात, म्हणून एकाच डहाळीवर यंदाची इवलीशी आणि मागच्या वर्षीची मोठी अशी दोन वयांची फळं दिसतात. रोबर आणि पेट्रियाचं फळ त्याच वर्षी पिकतं.

कळ्यांभोवती दोऱ्यासारख्या लांब, वळलेल्या उपपर्णांचा (पानाच्या देठाच्या बुडाशी येणाऱ्या चिमुकल्या पानांचा) झुपका असेल आणि फळाच्या वाटीवर राठ केसांचं जंगल माजलं असेल, तर तो टर्की ओक, क्वेर्कस सेरिस. ही खूण हिवाळ्यातही टिकते, म्हणून ती पाठच करून ठेवा. पान जाड, गडद आणि बारा महिने झाडावर असेल तर तो होम ओक, क्वेर्कस इलेक्स.

दक्षिण युरोपात आणखी एक जात विचारात घ्यावी लागते, क्वेर्कस प्युबेसेन्स. तिच्या कोवळ्या डहाळ्या आणि पानाची खालची बाजू इतकी लवदार असते की बोटालाच कळतं.

खंड गोलसर, कळ्या बोडक्या, वाटीवरचे खवले घट्ट चिकटलेले असतील तर पुढच्या पायरीला लागा.

पायरी २ : पान कुठलं घ्यायचं

निम्म्या चुका इथेच होतात. हाताला येतं ते पान तोडून मापलं जातं, आणि हाताला येणारं पान बहुधा सावलीतलं किंवा बुंध्यावर फुटलेल्या धुमाऱ्याचं असतं. अशी पानं मोठी, पातळ आणि बेढब असतात. जातीची खूण त्यांत पुसट होते.

पान हवं ते झाडाच्या वरच्या निम्म्या भागातलं, उन्हाच्या बाजूचं, आणि वसंतात फुटलेल्या डहाळीच्या मधल्या टप्प्यातलं. डहाळीच्या टोकाची आणि बुडाची पानं सोडून द्या. ओकला जुलै-ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा पालवी फुटते. ती पानं लालसर, कोवळी, उथळ खाचांची असतात, आणि त्यांच्यावर भुरीचा पांढरा थर हमखास असतो. तीही नकोत.

एका झाडाची किमान दहा पानं, निदान तीन फांद्यांवरची. एका पानावरून निकाल लावणारा माणूस तीन झाडांमागे एकदा तरी फसतो असं धरून चालायला हरकत नाही.

पायरी ३ : पानाची पाच मापं

*देठ.* पानाचा फुगीर भाग जिथे संपतो तिथून डहाळीपर्यंतचा देठ मोजा. रोबरमध्ये तो बहुधा २ ते ५ मिलिमीटर, क्वचित ७ पर्यंत जातो. पेट्रियामध्ये १० च्या वर, पुष्कळदा १५ ते २५. लहान-मोठ्या पानांमुळे गोंधळ होत असेल तर देठाची लांबी भागिले देठासह पानाची एकूण लांबी, गुणिले शंभर, असं गुणोत्तर काढा. समजा देठ ५ मिलिमीटर आणि देठ सोडून पान ११० मिलिमीटर, म्हणजे एकूण ११५, गुणोत्तर ४.३. दुसऱ्या झाडाचा देठ १८ आणि देठ सोडून पान १०५, गुणोत्तर १४.६. हे दोन आकडे दोन वेगळ्या जातींकडे बोट दाखवतात. मधले, म्हणजे ७ ते १० च्या आसपासचे, आकडे आले तर घाई करू नका.

*पानाचं बूड.* रोबरच्या पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखे उलटे वळलेले लहान भाग असतात. पेट्रियाचं पान पाचरीसारखं निमुळतं होत देठात उतरतं. पाळी मागच्या बाजूला दुमडलेली असते, त्यामुळे पान उलटं करून पाहा.

*खंडांची संख्या.* रोबरमध्ये साधारण ३ ते ५ जोड्या आणि खाचा अनियमित. पेट्रियात ५ ते ८ जोड्या आणि कडा बरीच एकसारखी. हे माप सैल आहे. एकट्या यावर विसंबू नका.

*खाचेकडे जाणाऱ्या शिरा.* पान उजेडाकडे धरा. मधल्या शिरेतून निघून खंडाच्या टोकाकडे जाणाऱ्या शिरा दोन्ही जातींत असतात. रोबरमध्ये त्याशिवाय काही शिरा खाचेच्या तळाशीही जातात. पेट्रियात अशा शिरा नसतात किंवा एखाद-दुसरीच असते. ही खूण माहितीपुस्तिकांमध्ये पुष्कळदा शेवटी, बारीक अक्षरात सापडते. आमच्या मते देठाच्या खालोखाल विश्वासाची हीच.

*लव.* पानाची खालची बाजू भिंगाखाली धरा, मधली शीर आणि मोठ्या शिरांचे कोपरे तपासा. पेट्रियात लहान लहान तारकाकृती लव पसरलेली दिसते. रोबरमध्ये खालची बाजू गुळगुळीत, फार तर तुरळक साधे केस. तारका पाहायला उजेड तिरका पडू द्या. सरळ उजेडात त्या पानाच्या रंगात हरवतात. सप्टेंबर संपता संपता ही लव गळू लागते, म्हणून ‘दिसली नाही’ म्हणजे ‘नव्हतीच’ असं नाही.

पायरी ४ : फळ पाहा, आणि इथे शब्द तपासा

रोबरची फळं २ ते ९ सेंटिमीटरच्या लांब, बारीक देठावर लोंबतात, एकेका देठावर एक ते तीन-चार. पेट्रियाची फळं डहाळीला जवळजवळ चिकटून, देठ नाहीच किंवा दोन सेंटिमीटरपर्यंतचा, जाड.

म्हणजे दोन जातींचं गणित उलट-सुलट आहे. ज्याचं पान बिनदेठाचं, त्याचं फळ लांब देठाचं. ज्याचं पान देठाचं, त्याचं फळ बिनदेठाचं. इंग्रजीतली ‘पेडंक्युलेट ओक’ (देठाचा, म्हणजे रोबर) आणि ‘सेसाइल ओक’ (बिनदेठाचा, म्हणजे पेट्रिया) ही नावं फळावरून दिली आहेत. ‘सेसाइल म्हणजे बिनदेठाचा’ एवढं ऐकून माणूस पान बघतो, देठ नाही असं दिसलं की ‘सेसाइल’ लिहून मोकळा होतो, आणि नेमका रोबरला पेट्रिया ठरवतो. वहीत ‘देठ’ असा सुटा शब्द कधीच लिहू नका. ‘पानाचा देठ’ किंवा ‘फळाचा देठ’ असंच लिहा.

ताजं, हिरवं फळ हातात आलं तर त्यावर उभ्या गडद हिरवट रेषा आहेत का पाहा. रेषा रोबरच्या, पेट्रियाचं फळ एकरंगी. फळ सुकून तपकिरी झालं की रेषा नाहीशा होतात, त्यामुळे त्याच दिवशी पाहून नोंद करा.

फळाऐवजी हिरवी, चिकट, खाचाखाचांची वेडीवाकडी गाठ दिसली तर तो रोग नाही. अँड्रिकस क्वेर्कसकॅलिसिस या कीटकाची ती करामत. त्याची एक पिढी टर्की ओकवर आणि दुसरी रोबरच्या फळांवर वाढते, म्हणून जवळपास टर्की ओक असेल तर काही वर्षी रोबरची बरीच फळं अशी वाया जातात. गाठींच्या मुळाशी असलेला देठ मात्र मोजता येतो.

पायरी ५ : निकाल

पानाच्या पाच खुणा आणि फळाचा देठ अशा सहा रकान्यांचा तक्ता करा. दहाही पानांची मापं भरा आणि सरासरी काढा. सहाच्या सहा एका बाजूला पडल्या तर प्रश्नच नाही. खंडांची संख्या तेवढी विरुद्ध गेली तरी बिघडत नाही.

देठ मधल्या मापाचा, बुडाशी अर्धवट पाळ्या, खाचेकडे शिरा आहेत आणि खाली तारकाकृती लवही आहे, असं सगळं एकत्र आलं तर तो दोघांचा संकर असू शकतो. त्याला स्वतःचं नाव आहे : क्वेर्कस × रोझेशिया. दोन्ही जाती शेजारी असल्या की संकर होतो. म्हणून नुसत्या झाडाकडे न पाहता आजूबाजूची झाडंही तपासा. दूरवर पेट्रियाच नसेल तर संकराचा संशय कमी धरा. बहुधा पानं चुकीची घेतली गेली आहेत.

जागाही थोडी मदत करते. रोबर सखल भागातल्या भारी, ओल धरणाऱ्या चिकणमातीत सुखात असतो. पेट्रियाला निचऱ्याच्या, आम्ल मातीच्या उतारावर राहायला आवडतं. वेल्स, स्कॉटलंडचा पश्चिम भाग, आयर्लंडमधलं किलार्नी ही त्याची ठिकाणं. नॉटिंगहॅमशायरमधल्या शेरवुडच्या जंगलातला प्रसिद्ध मेजर ओक हा रोबर. वेल्समधला पाँटफडॉगचा ओक, जो २०१३ मध्ये वाऱ्याने कोसळला, तो पेट्रिया. पण जागा ही साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. बागेत कुणीही काहीही लावलेलं असतं.

डीएनए तपासून निकाल लावू, असं कुणी म्हणालं तर कोणता डीएनए, हे विचारा. एका परिसरातल्या रोबर आणि पेट्रियामध्ये हरितलवकातला डीएनए बहुधा एकसारखाच असतो. शतकानुशतकांच्या संकरातून तो इकडून तिकडे गेला आहे. त्यावरून झाडाचे पूर्वज कुठल्या वाटेने आले ते कळेल, जात कळणार नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातला डीएनए लागतो. लाकडाचंही तसंच : सूक्ष्मदर्शकाखाली दोघांचं लाकूड खात्रीने वेगळं करता येत नाही. तरी पिंपं बनवणारे फरक करतात. नाशिकच्या वाइनरीत ‘फ्रेंच ओक’चं पिंप दिसलं तर फ्रान्समधल्या त्रोंसे जंगलाचा ओक मुख्यतः पेट्रिया आणि तिथल्याच लिमुझ्यां भागाचा मुख्यतः रोबर, एवढं लक्षात ठेवा. पेट्रिया वास जास्त देतो, रोबर तुरटपणा जास्त देतो.

पायरी ६ : नाव लिहिणं

आता रोबर ठरला असं धरू. पूर्ण नाव : क्वेर्कस रोबर एल.

पहिला शब्द प्रजातीचा. रोमन लिपीत त्याचं पहिलं अक्षर मोठं. दुसरा शब्द जातीचा. तो कायम लहान अक्षराने. छापताना हे दोन्ही शब्द तिरप्या अक्षरात, हाताने लिहिताना अधोरेखित. शेवटचा ‘एल.’ सरळ अक्षरात. हा एल म्हणजे नाव देणारा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस. एकट्या अक्षराचा मान वनस्पतिशास्त्रात त्यालाच आहे.

लिनिअसने हे नाव १७५३ मध्ये ‘स्पिशीज प्लांटारम’ या ग्रंथात दिलं. वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम, म्हणजे आधी दिलेल्या नावाचा मान, १ मे १७५३ पासून मोजतात, म्हणजे हे नाव पहिल्याच दिवसाचं. तिथे त्याने झाडाचं जे लॅटिन वर्णन दिलं त्याची सुरुवातच ‘गळणाऱ्या पानांचा’ या अर्थाच्या शब्दांनी होते.

व्याकरणाचा एक मुद्दा इथे उपयोगी पडतो. लॅटिनमध्ये क्वेर्कस हा शब्द ‘-उस’ने संपत असला तरी स्त्रीलिंगी आहे, आपल्या वड-पिंपळ-उंबराची प्रजाती फायकसही तशीच. म्हणून विशेषण स्त्रीलिंगी होतं : फायकस रिलिजिओसा, फायकस रेसिमोसा, क्वेर्कस रुब्रा, क्वेर्कस पेट्रिया. ‘क्वेर्कस रुब्रस’ कुठे दिसलं तर ते चूक. मग ‘रोबर’ का नाही बदलत? कारण ते विशेषण नाही. रोबर म्हणजे कठीण लाकूड, बळ. ते स्वतः नाम आहे, आणि नाम दुसऱ्या नामाशेजारी बसलं तर लिंग बदलत नाही. सिल्व्हर ओकच्या नावातला ‘रोबुस्टा’ याच शब्दाच्या घराण्यातला, पण तो विशेषण, म्हणून त्याला स्त्रीलिंगी रूप.

पेट्रियाचं पूर्ण नाव थोडं लांब : क्वेर्कस पेट्रिया (मॅट.) लीब्ल. या कंसात एक हकिकत दडलेली आहे. लिनिअसच्या ‘रोबर’मध्ये आजच्या दोन्ही जाती येत होत्या. १७७७ मध्ये मॅटुश्का या वनस्पतिशास्त्रज्ञाने मध्य युरोपातल्या सायलेशियाच्या वनस्पतींवर लिहिताना बिनदेठाच्या फळांचं झाड वेगळं काढलं, पण रोबरचाच एक प्रकार म्हणून. १७८४ मध्ये जर्मनीतल्या फुल्डाच्या परिसरातल्या वनस्पतींवर लिहिताना लीब्लाइनने त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. ज्याने ‘पेट्रिया’ हा शब्द आधी दिला तो कंसात, ज्याने दर्जा बदलला तो कंसाबाहेर. कंस गाळला तर सगळं श्रेय लीब्लाइनला जातं; कंसातलं नाव एकटं ठेवलं तर दर्जा चुकतो. पेट्रिया म्हणजे खडकाळ जागेतला.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत रोबरसाठी ‘क्वेर्कस पेडंक्युलाटा’ आणि पेट्रियासाठी ‘क्वेर्कस सेसिलिफ्लोरा’ अशी नावं भेटतात. झाड ओळखायला ती जास्त सोयीची आहेत, फळाचा देठ नावातच सांगितलेला आहे! पण नियम सोय पाहत नाही, अग्रक्रम पाहतो. सेसिलिफ्लोरा १७९६ चं. पेट्रिया जात म्हणून त्याच्या बारा वर्षं आधीचं. जुन्या नोंदी वाचताना आणखी सावध राहा. एखाद्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या यादीत नुसतं ‘क्वेर्कस रोबर’ असेल तर लेखकाने लिनिअसचा व्यापक अर्थ घेतला असण्याची शक्यता आहे. मूळ नमुना पाहिल्याशिवाय ती नोंद आजच्या रोबरच्या खात्यात टाकू नका.

राहिले ते छोटे नियम, पण चुका त्यांतच होतात. संकराची गुणाकाराची खूण ‘×’ ही आहे, इंग्रजी एक्स अक्षर नाही. क्वेर्कस × रोझेशिया बेख्स्ट. असं पूर्ण नाव. उपजातीचे, प्रकाराचे संक्षेप सरळ अक्षरात. जातीचंच नाव प्रकारात पुन्हा आलं, जसं ‘क्वेर्कस रोबर प्रकार रोबर’, तर शेवटच्या शब्दामागे लेखकाचं नाव येत नाही. बागेतल्या वाणाचं नाव एकेरी अवतरणात, सरळ अक्षरात आणि तिरप्या भागाबाहेर : क्वेर्कस रोबर ‘कॉन्कॉर्डिया’ हा सोनेरी पानांचा वाण. वाणाच्या नावापुढे लेखक लिहीत नाहीत.

निकाल अर्धवट असेल तर तसं लिहायची रीतही आहे. ‘क्वेर्कस सीएफ. रोबर’ म्हणजे रोबरसारखा दिसतो, ताडून पाहायला हवा. नुसतं ‘क्वेर्कस एसपी.’ म्हणजे जात ठरली नाही. यात कमीपणा काही नाही. खोटी खात्री ही यादीतली सगळ्यात महाग चूक, कारण ती पुढच्या दहा जणांच्या यादीत जाते.

पायरी ७ : नमुना जपणं

डहाळी वर्तमानपत्रात पसरा. एक-दोन पानं उलटी ठेवा, म्हणजे खालची लव आणि बुडाच्या पाळ्या नंतर पाहता येतील. सगळी पानं सुलटी चिकटवलेला ओकचा नमुना निम्मा निकामी असतो. वर वजन ठेवा, पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला, मग एक दिवसाआड. फळं दाबू नका. ती गोल असल्याने भोवतीची पानं सुरकुततात. वेगळ्या कागदी पाकिटात वाळवा आणि त्यावर डहाळीचाच क्रमांक घाला. फळांत बहुधा अळी असते, म्हणून वाळल्यावर सगळा नमुना हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

चिठ्ठीवर पूर्ण शास्त्रीय नाव, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, माती, तारीख, गोळा करणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं नाव, झाडाच्या खोडाचा जमिनीपासून दीड मीटरवरचा घेर, आणि वाळल्यावर नाहीशी होणारी माहिती : फळावर रेषा होत्या की नाही, फळ लोंबत होतं की चिकटलेलं. पान झाडाच्या कुठल्या भागातून घेतलं तेही लिहा.

पायरी ८ : बी रुजवणं

सप्टेंबरच्या सुरुवातीला पडणारी फळं बहुधा किडकी किंवा पोकळ असतात. ऑक्टोबरमधली घ्या. दरवर्षी फळ सारखं येत नाही; काही वर्षं झाड जवळजवळ रिकामं असतं.

ओकचं बी ज्वारी-बाजरीसारखं वाळवून बरणीत ठेवता येत नाही. झाडावरून पडताना त्यात वजनाच्या निम्म्याच्या जवळपास पाणी असतं. ते ४० टक्क्यांच्या खाली गेलं की बी मरू लागतं. घरात, हीटरजवळ, उघड्या टोपलीत आठवडाभर ठेवलेली फळं वरून छान चकाकतात, आतून गेलेली असतात. न रुजण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

गोळा केल्या दिवशीच बादलीभर पाण्यात टाका आणि रात्रभर राहू द्या. लगेच तरंगलेलं फळ फेकू नका. थोडं सुकलेलं फळ पाणी पिऊन सकाळी बुडतं. सकाळीही तरंगत असलेली काढून टाका. त्यात कर्क्युलिओ भुंग्याची अळी असते. बारीक गोल भोक दिसलं तर अळी बाहेरही पडून गेली.

मोठ्या रोपवाटिकेत यानंतर फळं ४१ अंश सेल्सिअस पाण्यात अडीच तास ठेवतात, काळी कुज आणणारी बुरशी मारायला. पंधरा-वीस फळांसाठी तो खटाटोप नको. तापमान जरा वर गेलं तर बीच शिजतं.

लगेच पेरणं सर्वांत चांगलं. थांबायचंच असेल तर ओलसर वाळूत मिसळून, तोंड सैल ठेवलेल्या पिशवीत, फ्रिजमध्ये ० ते ३ अंशांवर ठेवा. बी श्वास घेत असतं, म्हणून पिशवी घट्ट बांधू नका. फ्रीझर नको. पिशवीत मूळ फुटलेलं दिसलं तरी घाबरू नका, मूळ न मोडता पेरा.

कुंडी रुंद नको, खोल हवी : किमान २० सेंटिमीटर, ३० असेल तर बरं. ओक आधी सोटमूळ खाली सोडतो आणि मग वर पाहतो. उथळ कुंडीत मूळ तळाशी गोल फिरतं. ते वळण झाड मोठं झालं तरी सुटत नाही. माती निचऱ्याची. फळ आडवं ठेवा, वर ३ सेंटिमीटर माती. वरून बारीक जाळी, भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, कारण उंदीर त्याहून फार मोठी जागा मागत नाही. जाळी कडेने मातीत दाबा. खार आणि ‘जे’ नावाचा पक्षी वरून येतात, उंदीर बाजूने.

शरदात मूळ फुटतं, कोंब मात्र एप्रिल-मेमध्ये. तोवर कुंडी बाहेर थंडीतच राहू द्या, माती दमट ठेवा. मार्चमध्ये काही दिसत नाही म्हणून उकरून पाहणाऱ्यांनी बरीच चांगली रोपं मोडली आहेत. बीजपत्रं जमिनीखालीच राहतात, त्यामुळे कोंब कुणी खाल्ला किंवा मेमधल्या उशिरा पडलेल्या हिमाने करपला तरी खालून दुसरा येतो. फळ मात्र जागेवर असायला हवं. उन्हाळ्यात दुसऱ्या पालवीवर भुरी येते. कुंड्या लांब ठेवा, वारा खेळू द्या. एखाद्या वर्षीच्या भुरीने रोप मरत नाही.

पहिल्या किंवा दुसऱ्या हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च या झोपेच्या काळात, कायमच्या जागी लावा. सशांसाठी ६० सेंटिमीटरचं आवरण पुरतं; ‘रो’ जातीची हरणं असतील तर १.२ मीटरचं लागतं. रोपाभोवती मीटरभर वर्तुळात गवत येऊ देऊ नका. पहिली तीन वर्षं पाण्यासाठी गवतच त्याचा मोठा प्रतिस्पर्धी असतं.

सुट्टीला येताना खिशातून चार फळं पुण्या-मुंबईला आणायचा मोह टाळा. भारतात झाडांचं बी आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. शिवाय या झाडाला खरा, लांब हिवाळा हवा. तो आपल्याकडे नाही.

आणि कुंडीवरची पाटी. झाडाखालून आणलेल्या फळाची आई माहीत असते, बाप माहीत नसतो. पराग वाऱ्यावरून आलेला असतो, तो शेजारच्या पेट्रियाचाही असू शकतो. रोपाची सुरुवातीची पानंही जात सांगत नाहीत. म्हणून पाटीवर नुसतं ‘क्वेर्कस रोबर’ लिहू नका. ‘क्वेर्कस रोबर मातृवृक्षाचं बी’, ठिकाण, तारीख आणि मातृवृक्षाच्या नमुन्याचा क्रमांक लिहा. खाली एक ओळ कोरी ठेवा. झाड उन्हात येऊन स्वतःची फळं धरेल तेव्हा ती भरता येईल.